विज्ञानाच्या कपाटाची किल्ली

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिलाय, 'शाळेत विज्ञान-तंत्रज्ञानाचा उपक्रम कसा उभा करावा'. पत्रिकेत माझ्या नावापुढे सॉफ्टवेअर इंजिनिअर असं छापलंय, त्यामुळे आता हा लॅपटॉप उघडून स्लाइड दाखवणार अशी तुमची समजूत झाली असेल. स्लाइड आणल्या नाहीत. एक वही आणली आहे, ती थोड्या वेळानं काढतो.

मी ज्या शाळेबद्दल बोलणार आहे ती लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आहे. नगर परिषदेची, उर्दू माध्यमाची, पाचवी ते आठवी. चार वर्ग, एक व्हरांडा, एक स्टोअर रूम. मीही तिथंच शिकलो. पुढं दहावीही उर्दूतच केली आणि अकरावी सायन्सला लातूरला गेलो. तिथं पहिल्याच आठवड्यात सर डेन्सिटीबद्दल बोलत होते. अर्धा तास मी नुसता ऐकत होतो. सरांनी वस्तुमान भागिले आकारमान असं फळ्यावर लिहिलं तेव्हा कळलं, अरे, ही तर आपली कसाफ़त! मला ते येत होतं. सगळी गणितं येत होती. पण त्या अर्ध्या तासात मी स्वतःला ढ ठरवून मोकळा झालो होतो. इथं बसलेल्यांपैकी किती जणांचा असा अर्धा तास गेलाय, हात वर करायला सांगत नाही. चेहऱ्यांवरून दिसतंय.

तर इंजिनिअर झालो, पुण्यात नोकरी लागली आणि २०१८ मध्ये मला शाळेची आठवण आली. आपल्याकडं नोकरी लागल्यावर शाळेची आठवण येते आणि ती पैशाच्या रूपात येते. ऑफिसातल्या मित्रांकडून वर्गणी काढली. सर्किटचे किट, मोटारी, सेन्सर, एक मायक्रोस्कोप, भिंगं, तराजू, दोन जुने लॅपटॉप, सगळं गाडीत घालून नेलं. केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून आहे, सहावी ते बारावीसाठी, तेव्हा वीस लाखांपर्यंत अनुदान मिळायचं. पण त्यासाठी हजार-दीड हजार चौरस फूट जागा लागायची. आमच्याकडं स्टोअर रूम. म्हटलं, आपण आपली छोटी लॅब करू. रिबीन कापली. बॅनरवर माझा फोटो होता, पाहुण्यांचा होता, मुलांचा एकही नव्हता. हे मला त्या दिवशी दिसलं नाही.

दोन वर्षांनी, २०२० मध्ये, लॉकडाऊन लागला आणि मी वर्क फ्रॉम होम म्हणून गावी आलो. शाळा बंदच होत्या. एक दिवस शाळेवर गेलो तर आपा तिथं रजिस्टरं भरत बसल्या होत्या. आपा म्हणजे आमच्या गणित-विज्ञानाच्या शिक्षिका. मला सहावीत त्यांनीच शिकवलं. मी म्हटलं, आपा, लॅब दाखवा ना. त्या हसल्या. स्टोअर रूममध्ये लोखंडी कपाट होतं, त्याला कुलूप. किल्ली सदर मुअल्लिमांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. कपाट उघडलं. किटवरचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं.

मला राग आला. खरं सांगतो, मनात म्हटलं, या लोकांना काही द्यायचंच नाही. आपांनी काही न बोलता एक जाडजूड रजिस्टर पुढं सरकवलं. डेडस्टॉक रजिस्टर. सरकारी शाळेत शिकवणाऱ्यांना मी काय म्हणतोय ते कळलं असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू त्यात नोंदवतात. खुर्ची, घंटा, कपाट, नकाशा. वस्तू हरवली, मोडली, तर ज्याच्या ताब्यात होती त्यानं उत्तर द्यायचं. तपासणीला साहेब आले की एकेक वस्तू मोजतात. माझ्या किटमधल्या वस्तू आपांच्या नावावर चढवलेल्या होत्या. एलईडी नग पन्नास. मोटार नग दहा. आता मला सांगा, ज्या बाईंच्या पगारातून तो एलईडी कापला जाऊ शकतो, त्या तो सहावीतल्या पोराच्या हातात कशा देतील? आपा म्हणाल्या, "बेटा, तू सामान दिलंस. मोडायची परवानगी कुठं दिलीस?"

त्याच सुमारास मी होशंगाबादबद्दल वाचलं. तुमच्यापैकी अनेकांना हे नाव माहीत नसेल. मलाही नव्हतं, आणि याची मला इंजिनिअर म्हणून लाज वाटते. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा सरकारी माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. अनिल सद्गोपाल आणि त्यांची किशोर भारती ही संस्था आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी तो सुरू केला. पुढं १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था त्यासाठी उभी राहिली. पुस्तकाचं नाव 'बाल वैज्ञानिक'. त्यात उत्तरं दिलेली नसायची. प्रयोग करायचा आणि उत्तर आपलं आपण लिहायचं.

त्यातल्या एका माणसाची गोष्ट तर आपल्याच गल्लीतली आहे. अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरीला. १९७८ मध्ये त्यांनी रजा काढली आणि होशंगाबादला गेले. तिथल्या बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मिळायची. तिचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन असे आकार करून दाखवले. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन कलंडतो. पूल आणि छताच्या कैच्या त्रिकोणाच्या का असतात, हे एका रुपयात समजतं. नंतर ते बरीच वर्षं पुण्यातच आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. मी पुण्यात राहून तिथं कधी गेलो नव्हतो. मॉलमध्ये मात्र दर शनिवारी जात होतो.

पण मला खेळण्यांपेक्षा दुसरंच काही तरी महत्त्वाचं वाटलं. होशंगाबादला शिक्षक दर महिन्याला एकत्र बसायचे, कोणता प्रयोग फसला ते बोलायचे. संपलेलं सामान पुन्हा भरून मिळायचं. आणि परीक्षा बदलली होती. पुस्तक उघडं ठेवून लिहायची, शिवाय हातानं करून दाखवायची. शिक्षक मनातून कितीही चांगला असला तरी परीक्षा जे विचारते तेच तो शेवटी शिकवतो. मुलांनी प्रश्न पत्रानं पाठवायचे 'सवालीराम' या नावानं, आणि सवालीराम उत्तर द्यायचा. हा कार्यक्रम तीस वर्षं चालला, शेकडो शाळांत पसरला, आणि २००२ मध्ये राज्य सरकारनं तो बंद केला. तीस वर्षं लोकांनी खपून उभं केलेलं एका निर्णयात बंद होऊ शकतं. हे वाचून दोन दिवस मी काही केलं नाही.

मग आपांना म्हटलं, सामान राहू द्या कपाटात. सामान न लागणारं काही करू.

जून होता. पाऊस सुरू व्हायचा होता. आमचा भाग तुम्हाला माहीत आहे, २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ही मुलं तेव्हा लहान होती, पण घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेलं त्यांना आठवतं. पाणी हा विषय त्यांना समजावून सांगावा लागत नाही. आम्ही बारा मुलामुलींना फोन केले. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा बसवायचा, तळाशी खडे टाकायचे म्हणजे वाऱ्यानं पडणार नाही. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून थोडं पाणी भरून तिथं शून्याची रेघ मारायची. बाहेरून पट्टी चिकटवायची. झाला पर्जन्यमापक. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, तीच वेळ आपली. बारा घरं, बारा आकडे, रोज आपांच्या फोनवर. ज्यांच्या घरी फोन नव्हता ती शेजारच्या घरून सांगायची. माझ्या अम्मीनंही गच्चीवर एक बाटली ठेवली. ती आमची तेरावी केंद्रप्रमुख.

पहिल्या चार आठवड्यांत भांडणंच झाली. एकाच पावसाचे आकडे वेगळे यायचे. कुणी म्हणायचं, तू खोटं सांगतोस. एक बाटली लिंबाच्या झाडाखाली निघाली, एक भिंतीला लागून होती. एका पोरानं रात्री पाणी बाहेर ओतलंच नव्हतं, दोन दिवसांचा पाऊस एकत्र सांगितला. हे सगळं शोधून काढायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आकडा चुकला म्हणजे मूल चुकलं असं नसतं, मोजण्याच्या पद्धतीत कुठंतरी खोट असते, हे त्या भांडणांतून बाहेर आलं.

आणि मग ती मुलगी. सहावीतली. तिचं नाव घेत नाही, कारण तिनं नको म्हटलंय. एका सकाळी सगळ्यांकडं नऊ मिलिमीटर, हिच्याकडं सोळा. दुसऱ्या पावसालाही तसंच, जवळजवळ पावणेदोन पट. सगळे हसले. ती रडली नाही, बाटली घेऊन बसली. तिची बाटली कापताना फाटली होती म्हणून तिनं घरातलं तेलाचं मोठं नरसाळं वर बसवलं होतं. तिनं मोजलं. नरसाळ्याचं तोंड बारा सेंटिमीटर, बाटली नऊ. बारा भागिले नऊ केलं तर एक पूर्णांक एक तृतीयांश येतं, म्हणजे नऊचे बारा व्हायला हवे होते. पण आले सोळा. दोन दिवस तिनं आपांना छळलं. आपांनी उत्तर दिलं नाही, एवढंच विचारलं, पाऊस रेषेवर पडतो का? तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. पाऊस तोंडाच्या सगळ्या जागेवर पडतो, म्हणून बाराचा वर्ग भागिले नवाचा वर्ग. एकशे चव्वेचाळीस भागिले एक्याऐंशी. सोळा भागिले नऊ. वर्तुळाचं क्षेत्रफळ तिच्या पुस्तकात यायला अजून वेळ होता. मी कंपनीत लोकांच्या मुलाखती घेतो, त्यामुळे सांगतो, चुकलेल्या आकड्याच्या मागं दोन दिवस लागणारा माणूस पगार देऊनही पटकन मिळत नाही.

शाळा सुरू झाल्या. २०२१ चं वर्ष अर्धवट गेलं. २०२२ मध्ये मला वाटलं आता मोठं काही तरी करू. छतावरच्या पावसाचं पाणी साठवायचं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. मुलांनी छत मोजलं, वीस मीटर बाय आठ, एकशे साठ चौरस मीटर. दहा मिलिमीटर पाऊस पडला तर सोळाशे लिटर. मी खूश. पोस्टरसुद्धा डिझाइन करून ठेवलं होतं, वर ढग, खाली टाकी, बाजूला हसणारी मुलगी.

हे पाणी कशासाठी, असा प्रश्न एका मुलीनं विचारला. आणि मग जे बाहेर आलं ते माझ्यासमोर नाही आलं, आपांसमोर आलं. मुलींच्या संडासात पाणी नसायचं. सातवी-आठवीच्या मुली महिन्यातले काही दिवस शाळेत यायच्याच नाहीत, आणि ज्या यायच्या त्या सकाळपासून पाणी पीत नसत, म्हणजे जावं लागू नये. मी त्या शाळेत शिकलो, चार वर्षं. मला हे माहीत नव्हतं. मला कळायचं काही कारणच नव्हतं ना, मी मुलगा.

मुलींनी मोजायला घेतलं. दहा लिटरची बादली, दिवसाला पंधरा बादल्या पुरतात. म्हणजे दीडशे लिटर. नगर परिषदेचं पाणी आठ दिवसांतून एकदा येतं, म्हणजे बाराशे लिटर साठवायला हवं. टाकी होती तीनशे लिटरची आणि तीही बुडातून गळकी. दोन दिवसांत कोरडी. पावसाचा यात काही संबंधच नव्हता! पावसाळ्यात पाणी अडत नव्हतं, फेब्रुवारीनंतर अडत होतं, तेव्हा पाऊस नसतो. नळाला पाणी येत होतं, ते धरून ठेवायला भांडं नव्हतं. आठवीतल्या मुलींनी आपल्या हिशोबाच्या पानावर खाली लिहिलं, 'दोन हज़ार लिटर की टाकी बस है.' माझं पोस्टर गेलं. आणि खरं सांगू, मला वाईट वाटलं. छतावरच्या पावसाचा फोटो चांगला आला असता, संडासाच्या टाकीचा येत नाही.

आपांनी तो कागद शाळा व्यवस्थापन समितीपुढं ठेवला. ही समिती शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. आपल्यातल्या किती जणांना आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेच्या समितीत कोण आहे हे माहीत आहे? संडासाला पाणी द्या असा अर्ज आधी दोनदा झाला होता. या वेळी अर्जात आकडे होते आणि सभेत आया होत्या. टाकी आली. लगेच नाही, चार महिन्यांनी.

टाकी बसवायला एका मुलाचे अब्बा आले. प्लंबिंगचं काम करतात. टाकीचा चौथरा सपाट आहे का बघायला त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक इकडं, एक टोक तिकडं. दोन्हीकडं पाणी एका पातळीला. मुलं गोळा झाली. आपा म्हणाल्या, हे आपल्या पुस्तकात आहे. ते म्हणाले, "हम तो ऐसाइच करते, आपा. किताब में है क्या ये?" त्यांच्या मुलाचा चेहरा मी बघत होतो. तो अब्बांचं काम शाळेत सांगायचा नाही.

त्यानंतर आम्ही दर महिन्याच्या एका शनिवारी कुणाच्या तरी अब्बांना, चाचांना, अम्मीला बोलवायला लागलो. वेल्डर आले, रेडिएटर दुरुस्त करणारे आले. शिवणकाम करणाऱ्या एक खाला आल्या, त्यांनी सपाट कापडातून गोल बाही कशी निघते ते दाखवलं. ती भूमितीच आहे आणि अवघड आहे, मला अजून जमलेली नाही. आपल्या मोहल्ल्यांत इंजिनिअरिंग पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त त्याला डिग्री नाही म्हणून आपण ते मोजत नाही.

इथं थोडं वेगळं बोलतो. आपल्या सभांमध्ये विज्ञान म्हटलं की अल-ख्वारिझ्मी, इब्न अल-हैसम ही नावं येतात, टाळ्या पडतात, लोक घरी जातात. मला त्या नावांचा अभिमान आहेच. पण इब्न अल-हैसमनं हजार वर्षांपूर्वी काय केलं? अंधाऱ्या जागेच्या भोकासमोर वेगवेगळ्या ठिकाणी दिवे ठेवले. आत तितकेच ठिपके पडले. एक दिवा झाकला, एकच ठिपका गेला. म्हणजे प्रकाशाचे किरण एका भोकातून जाताना एकमेकांत मिसळत नाहीत. आम्ही हे स्टोअर रूममध्ये केलं, पुठ्ठ्याला खिळ्यानं भोक पाडून, तीन मेणबत्त्या लावून. डावी मेणबत्ती झाकली की उजवा ठिपका गेला. पाचवीतला एक मुलगा ओरडला, "उलटा कायकू गया?" त्या प्रश्नासाठी तो प्रयोग करायचा असतो. नावाचा बोर्ड आम्ही नंतर लावला.

आता वही. २०२२ मध्ये कपाट उघडलं. आपांनी आणि मी मिळून सदर मुअल्लिमांना पटवलं की एलईडी, तारा, बॅटऱ्या या वस्तू खडूसारख्या आहेत, वापरून संपायच्या. त्या खपाच्या वस्तूंमध्ये घ्या, डेडस्टॉकमध्ये नको. तपशील कंटाळवाणा आहे पण उपक्रम यावरच उभा राहिला. आणि मोडेल त्याची नोंद मुलांनीच करायची. ही ती वही. मुलं हिला 'टूट-फूट की कॉपी' म्हणतात. आमच्या कंपनीत सर्व्हर बंद पडला की काय झालं, का झालं हे लिहितात, आणि त्यात कुणाला दोष द्यायचा नसतो. तीच पद्धत. वाचतो. 'नौ व्होल्ट की बॅटरी सीधी लगाई. एलईडी एक बार चमका, फिर नहीं.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात हिशोब आहे. नऊ वजा दोन, सात व्होल्ट. वीस मिलिअँपिअर हवा. म्हणजे साडेतीनशे ओहम. बाजारात तीनशे नव्वदचा मिळाला. पुढं एक नोंद आहे, 'मोटर जली नहीं, अंदर चिऊंटी थी.' मुंगी काढल्यावर मोटार चालली. पहिल्या वर्षी पानं भरून गेली, दुसऱ्या वर्षी निम्मी झाली. किल्ली आठवीच्या मॉनिटरकडं असते.

भाषेचंही केलं. भिंतीवर शब्द लावले, चित्र आणि त्यापुढं तीन रकाने. कसाफ़त, घनता, डेन्सिटी. मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल. रोज एक शब्द. उर्दूत शिकण्यानं कुणाचं नुकसान होत नाही, आपल्या भाषेत समजतं ते घट्ट समजतं. पुढं दार बदलतं तेव्हा किल्ली हातात असली पाहिजे, इतकंच. माझा तो अर्धा तास कुणाचा जाऊ नये.

मुलींची हजेरी वाढली का? हा प्रश्न मला नेहमी विचारतात. टाकी आल्यानंतरच्या मार्चचं मस्टर आपांनी पुढं केलं, गैरहजेरीच्या खुणा कमी दिसत होत्या. मी लगेच ग्राफ काढायला निघालो. आपा म्हणाल्या, थांब, यंदा कोविडची भीतीही गेली आहे, आणि एका वर्षावरून काय सांगतोस? पर्जन्यमापकाच्या मुलांनी तुला तेवढं तरी शिकवलं असेल. म्हणून मी तो आकडा कुठं सांगत नाही.

जे सांगायलाच हवं ते हे. शाळा आठवीला संपते. नववीसाठी सहा किलोमीटर जावं लागतं, एसटीची वेळ जुळत नाही. सच्चर समितीनं २००६ मध्ये लिहिलं होतं की सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के एकतर शाळेत कधी गेली नाहीत किंवा गळाली. वाचताना तो आकडा असतो. नरसाळ्याचा हिशोब करणारी मुलगी २०२३ मध्ये आठवी पास झाली आणि घरी बसली. लगेच तिच्या वडिलांना खलनायक करू नका. आई आजारी, धाकटी दोन भावंडं, एसटी नाही, आणि एकटी मुलगी सहा किलोमीटर. मी आणि आपा तीनदा त्यांच्या घरी गेलो. चहा मिळाला, होकार मिळाला नाही. एवढं सगळं करून आपली सर्वांत हुशार मुलगी गळाली, तर हा उपक्रम कसला, हे मी त्या रात्री आपांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. 'नववीला काय लागेल?' असं शीर्षक लिहून नवीन वही काढली.

त्यातून दोन गोष्टी झाल्या. एक, एनएमएमएस. आठवीत ही परीक्षा असते, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये. आमच्या शाळेत त्याआधी कुणी फॉर्मच भरत नव्हतं. आता आठवीचे सगळे पात्र विद्यार्थी भरतात. दोन, चार घरांनी मिळून एक रिक्षा लावली. पाण्याच्या टाकीसारखंच, माणशी खर्च कागदावर मांडला तेव्हा तो वाटला होता त्यापेक्षा कमी निघाला. पुढच्या वर्षी त्या रिक्षातून पाच मुली नववीला गेल्या. तिच्यासाठी मात्र ती एक वर्ष उशिरा आली.

२०२४ मध्ये आपा निवृत्त झाल्या. मला वाटलं, संपलं. नवीन सर आले. त्यांना माझं सर्किटचं वेड आवडलं नाही. त्यांनी शनिवारचा तास पोषण आहाराकडं नेला. पाचवीला मुलामागं शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे. रोजच्या हजेरीवरून किती तांदूळ लागेल ते मुलांनी काढायचं आणि कपाटातला तराजू घेऊन तपासायचं. परसबाग केली, मातीत पाणी किती टिकतं ते मोजायला लागले. मला आधी राग आला, माझ्या मोटारी पडून आहेत म्हणून. मग बघितलं तर पर्जन्यमापक चालू होता. सरांनी तो बंद केला नव्हता, कारण मुलांनी करू दिला नाही. सहाव्या पावसाळ्याच्या नोंदी पूर्ण झाल्या आहेत. मी आता महिन्यातून एकदा जातो आणि सर सांगतील ते करतो.

ती मुलगी सध्या शनिवारी शाळेत येते, पाचवीच्या मुलांना बाटली कापायला शिकवते. यंदा तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, दहावी बाहेरून देणार आहे. वडिलांनीच फॉर्मवर सही केली. विज्ञान तिला जमतंय, इंग्रजी सर्वांत अवघड जातंय, आणि मी पुण्याला असल्यामुळे आठवड्यातून एकदाच फोनवर शिकवू शकतो. तुमच्यापैकी कुणी इंग्रजीसाठी आठवड्यातले दोन तास देऊ शकत असेल, परीक्षेपर्यंत, मध्ये न सोडता, तर जाताना मला भेटा. लॅपटॉप, किट, देणगी नको आहे. शेवटच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर धरलाय, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.